मुहर्रकचा जर्मन कोट

मी बहारीनमध्ये जेवढे युनिफॉर्म शिवले, तेवढे बाहीला बाही बांधून जोडले तर विमानतळाच्या कुंपणापासून निघालेली ओळ समुद्र ओलांडून हर्णैच्या बंदराला लागेल, आणि उरलेल्या टोकाला दोन होड्या बांधता येतील. हा हिशेब कोणी केला असं विचारू नका. आमच्या धंद्यात नजर हीच टेप. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना हेच ऐकवलं, तर म्हणाल्या, “मास्तर, खरं तेवढंच लिहा.” खरं तेवढंच लिहिलं तर पान भरणार नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी दाऊद मास्तर. गाव दापोली तालुक्यात. घरात कोकणी, शाळेत मराठी, धंदा हिंदीत आणि शिव्या अरबीत, असं माझं चार खोल्यांचं घर. मुहर्रकच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. कापायच्या टेबलावर मी आणि मशीनवर हुसेन. हा हुसेन रायगडातल्या म्हसळ्याकडचा, डावखुरा, अंगाने सुकलेल्या बोंबलासारखा आणि हाताने देवमाणूस. आमचं दुकान इतकं लहान होतं की एकाने जांभई दिली की दुसऱ्याला बाहेर जावं लागायचं.

युनिफॉर्म शिवणं हे सूट शिवण्यापेक्षा अवघड. सूटवाला टेलर माणूस बघतो; युनिफॉर्मवाल्याला माणसाचं काम बघावं लागतं. विमानात सामान चढवणाऱ्याच्या काखेत घोळ जास्त हवा, नाहीतर पहिली बॅग उचलताच काख चर्रकन बोलते. वॉचमन दिवसभर खुर्चीत, म्हणून त्याच्या पँटीच्या बुडाला आतून दुसरं कापड. वेटरचा एक खांदा तबक धरून धरून खाली येतो, त्याची शिवण सरळ ठेवली तर कोट वाकडा दिसतो आणि वाकडी ठेवली तर वेटर सरळ दिसतो. एक सुदानी पहारेकरी इतका उंच होता की त्याची छाती मोजायला मी स्टुलावर चढलो, तर वर हवा जरा गार लागली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मार्जिन. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात ते. आमचा गिऱ्हाईक सुट्टीवर गावी जातो, आईच्या हातच्या भाकऱ्या आणि सुरमई अंगावर चढवून परत येतो, आणि शर्टाचं बटण लागत नाही. मग शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर सोडायचं, पुन्हा शिवायचं. कारखान्यातल्या मालात हे सुख नसतं. तिथे बोटभर कापड आत गेलं तरी मालक ओरडतो. हुसेनचं मार्जिन तर असं ऐसपैस की मी म्हणायचो, “अरे, हा गिऱ्हाईक फुगला तर फुगला, त्याच्या शेजारी अजून एक गिऱ्हाईक मावेल.” तो म्हणायचा, “दाऊदभाई, मानूस काय आजच्या मापाचा असतो काय?” ते मार्जिन सुटू नये म्हणून तो त्याची कड दुमडून हाताने टाके घालायचा. डावखुरा असल्यामुळे त्याचे टाके सगळ्या जगाच्या उलट दिशेने झुकलेले असत. डोळे बांधून नुसतं बोट फिरवलं तरी मला हुसेनचं काम कळायचं.

आता बू राशिदकडे येतो. बू राशिद म्हणजे राशिदचा बाप; तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला ओळखतात. कुवेतच्या लढाईचा धूर विरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा हा सत्तरीचा, भरघोस पोटाचा बहारीनी गृहस्थ दुकानात आला. दुकानात आला म्हणजे पोट आत आलं आणि बाकीचा माणूस गल्लीत राहिला. त्याच्या घराण्याचा मुंबईहून कापड आणून विकण्याचा धंदा होता. तरुणपणी मुंबईत राहिलेला, म्हणून हिंदी अशी बोलायचा की आम्हीच लाजावं.

त्याने चादरीतून एक कोट काढला आणि टेबलावर असा ठेवला की जणू झोपलेलं मूल. “मास्तर, हात लगाओ. आहिस्ता.”

मी हात लावला. जाड सुती ड्रिल. मूळचा रंग शेवाळी असावा, पण उन्हाने खाऊन खाऊन सुक्या नारळाच्या झावळीसारखा झालेला. चार खिसे. गुंड्या शिवलेल्याच नव्हत्या. मागून बारीक कडी अडकवलेली, कडी काढली की गुंडी हातात. म्हणजे धुताना सगळ्या काढून ठेवायच्या. आतल्या बाजूला जखमेची पट्टी ठेवायचा एक लहान खिसा. छातीवर फिकट निळ्या धाग्याचा पक्षी, आणि त्याच्या पंजात ते नाझींचं स्वस्तिकाचं चिन्ह.

“जर्मन,” बू राशिद म्हणाला. “बडी लडाई का. गरम मुल्क के वास्ते बनाया था, रेगिस्तान के वास्ते. मैंने सारी उमर कपडा बेचा, मास्तर. हाथ लगा के मिल का नाम बोलता था. ये कपडा मैंने नहीं बेचा.”

एवढंच त्याचं कारण. लढाईशी, त्या पक्ष्याशी, त्या चिन्हाशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. एक कापड आयुष्यात असं भेटलं की त्याची मिल सांगता आली नाही, आणि तेव्हापासून तो त्या कापडाच्या मागे लागला. कैरोहून, लंडनहून, देश सोडून जाणाऱ्या गोऱ्यांच्या ट्रंकांतून त्याने असे कोट, चोळण्यासारख्या पँटी, लांब टोकाच्या टोप्या जमवल्या होत्या.

आणि काम काय, तर दुरुस्ती नको. “छेद बंद मत करो. छेद को बडा मत होने दो.” टेलरला भोक दाखवायचं आणि बुजवू नको म्हणायचं, म्हणजे हलवायाला जिलबी दाखवून पाक काढून घ्यायचा. पण शिकलो. आतून बारीक जाळीचं कापड लावायचं, एकेरी धाग्याने, मूळच्या विणीत सुई न खुपसता दोन धाग्यांच्या मधून काढायची. धुवायचं नाही, इस्त्री नाही, उन्हात टांगायचं नाही. थोड्याच दिवसांत माझं नाव असं झालं की वाळवंटातल्या मेलेल्या जर्मनांनी सुद्धा रांग लावली असती.

पहिल्या कोटाच्या वेळी कांबळे दुकानात होता. कांबळे सित्र्याच्या रिफायनरीत टेक्निशियन, चिपळूणकडचा, कंपनीच्या बसने सुट्टीच्या दिवशी बॉयलर सूट ढिला करून घ्यायला यायचा. तो इतकं वाचायचा की त्याच्या खिशातून पान्याऐवजी पुस्तक निघायचं. त्याने त्या पक्ष्याकडे पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

“मास्तर, हे कुणाचं आहे माहितीय?”

“गिऱ्हाइकाचं.”

“मस्करी नको. माझे वडील मिसरच्या वाळवंटात मिलिटरीची गाडी चालवायचे. ह्यांच्या समोर. माणसांमध्ये जन्मावरून उच्च-नीच करणाऱ्यांचा कपडा आहे हा. आम्हाला ते कुणी समजावून सांगायला नको. ह्याला तुम्ही मलमपट्टी करताय?”

मी म्हटलं, “कांबळेसाहेब, टेलरने कपड्याच्या आतला माणूस तपासायला घेतला तर अर्धं बहारीन उघडं फिरेल.” तो हसला नाही. मीही नंतर विनोद केला नाही. पण सुई धरताना मी त्या कोटाचं माप घेतलं, नुसतीच सवय म्हणून, आणि पुन्हा एकदा घेतलं. छाती आमच्या गावच्या हायस्कूलमधल्या पोराची. पुढे जितके कोट आले तितके सगळे तसेच. एवढ्या मोठ्या लढाईचे कपडे मोठ्या माणसांचे असतील असं मला वाटलं होतं. पुढच्या खेपेला हे कांबळेला सांगितलं, तर तो बराच वेळ टेप गुंडाळत बसला. “पोरंच पाठवतात, मास्तर,” म्हणाला. “दोन्हीकडून.”

बू राशिदचं घर बुदैयाला, खजुरीच्या बागेत. घरातली सगळ्यात चांगली खोली ह्या कोटांना दिलेली. आत एसी एवढा जोरात की मी मफलर घेऊन जायचो. गरम मुलखासाठी शिवलेले कोट थंडीत कुडकुडताहेत आणि कोकणातली माणसं बाहेर चाळीसच्या वर भाजताहेत, हा न्याय मला अजून उलगडलेला नाही. कोट लाकडी हँगरांवर ओळीने, प्रत्येकाच्या खांद्यात कापूस भरलेला.

खोलीवरून घरात कुरबूर होती. धाकट्या मुलाचं लग्न ठरलेलं, नव्या जोडप्याला खोली हवी. थोरला राशिद, बँकेत काम करणारा, बोलायला मऊ आणि निर्णयाला लोखंड. त्याने बापाला सांगितलं, “बाबा, ही मेलेल्यांची खोली आता जिवंतांना द्या.” म्हातारा ऐकेना. शेवटी त्याने पैज लावली. राजधानीत, मनामात, एका जर्मन बाईचा नवरा नोकरीला होता, तिचा म्हातारा बाप तिच्याकडे राहायला येणार होता. हा बाप अठराव्या वर्षी हेच कपडे घालून त्याच वाळवंटात लढलेला. “वो आदमी आयेगा, देखेगा. वो बोला रखने लायक है, तो कमरा मेरा. वो बोला कचरा है, तो तुम्हारा.” मुलांनी मान्य केलं. म्हाताऱ्याच्या त्या खोलीचं नशीब असं एका अनोळखी पाहुण्याच्या जिभेवर टांगलं गेलं.

आणि त्याच सुमारास बू राशिद तो कोट घेऊन आला.

दुकानात शिरला तोच आरडत. “मास्तर! दुनिया में किसी के पास नहीं!” देश सोडून निघालेल्या एका इंग्रजाने घरातलं सगळं विकायला काढलं होतं, सोफा, पंखा, कुत्र्याचं घर, आणि एका ट्रंकेत हा कोट. बू राशिदने कोट टेबलावर उलटा केला, आतली शिवण उघडून दाखवली. “देखो! अंदर कपडा छोडा है. दो-दो उंगली! किसी जर्मन कोट में नहीं. ये खास बना है, किसी बडे अफसर का. मेहमान देखेगा तो बेहोश होगा!”

मी पाहिलं. शिवणीच्या आत ऐसपैस मार्जिन. कड दुमडलेली. टाके सगळ्या जगाच्या उलट दिशेने झुकलेले.

मागे मशीन थांबली. हुसेनने तोंड उघडलं. मी दोन पावलं मागे सरकलो आणि टाच त्याच्या पायावर अशी ठेवली की त्याच्या तोंडातून फक्त “इंशाल्ला” एवढंच बाहेर आलं. बू राशिदने त्याला आशीर्वाद समजून त्याचा खांदा थोपटला, आणि पुढे माझ्याकडून कोटाच्या कॉलरची एक सुटलेली शिवण जपून पक्की करून घेऊन गेला.

गाडीचा आवाज गल्लीबाहेर गेला तसा हुसेन उसळला. “दाऊदभाई, तो कोट माजा हाय!”

“माहीत आहे.”

“मंग मना बोलू का नाय दिलास? माजा कोट तो एसीत टांगनार! माज्या बायकोला पन मी अजून एसीत बसवली नाय!”

मग हळूहळू सगळं निघालं. काही वर्षांपूर्वी इंग्रजांच्या क्लबात एक नाटक झालं होतं, वाळवंटातल्या लढाईचं. नाटक बसवणाऱ्या साहेबाच्या काकाने लढाईतून असा एक कोट आणलेला. तो कुजून चाळणी झालेला. साहेबाने तो नमुना म्हणून दिला, कापड दिलं, आणि हुसेनने हुबेहूब दुसरा शिवला. जुन्या कोटाच्या खऱ्या गुंड्या आणि खरा पक्षी काढून त्यावर लावले. मग नाटकवाल्यांनी तो चहात बुडवला, वाळूत लोळवला, गच्चीवर उन्हात टाकला. नाटक संपलं, कोट ट्रंकेत गेला, साहेब गेला, ट्रंक विकली गेली. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. हुसेन तेव्हा सकाळी एका शाळेच्या युनिफॉर्मचं काम करायचा आणि ते नाटकाचं काम त्याने घरी बसून केलेलं, म्हणून मला पत्ता नव्हता.

“पण हुसेन, नाटकाच्या कोटाला मार्जिन?”

“नाटकात तो घालनारा पोरगा काठीसारका होता. म्हटलं, नाटक संपेल, कोट ऱ्हाईल. उद्या पोट सुटलं तर काय घालनार बिचारा?”

पुढचे काही दिवस हुसेन कोटाच्या गर्वाने तरंगत होता. मशीन चालवताना गुणगुणायचा. मग पाहुणा यायची वेळ जवळ आली तसा तो उतरला. एक दिवस सुई धाग्यात ओवताना म्हणाला, “तो जर्मन म्हातारा सोताच्या अंगावर घातलेला कपडा ओळकेल ना? मंग पोरांसमोर अरबाबची अब्रू जाईल. माज्या टाक्यांमुळे.” अरबाब म्हणजे शेठ; बू राशिदला आम्ही असंच म्हणायचो.

मला आधीच एक युक्ती सुचली होती, आणि ती अजूनही मला वाईट वाटत नाही. “सोपं आहे. कॉलर पुन्हा बघायची म्हणून कोट आणू. मार्जिन कापून टाकू, कड कारखान्यासारखी करू. खलास. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

हुसेनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या पोराचा कान कापायला निघालोय. “माजं मार्जिन कापशील?”

तेव्हा दुसरा रस्ता उरला नाही. दुपारी दुकान बंद करून आम्ही एका ओळखीच्या पिकअपमध्ये बसून बुदैयाला गेलो. वाटेत मी सांगायच्या गोष्टीची तीन वेगवेगळी रूपं तयार केली, एकाहून एक सरस. दारात बू राशिद दिसला तसा हुसेन मला बाजूला सारून पुढे झाला आणि एका वाक्यात बोलून मोकळा झाला.

“अरबाब, वो कोट मैंने सिया है. नाटक के वास्ते. इधर, मुहर्रक में.”

बू राशिद रागावला नाही, आणि त्यानेच मी घाबरलो. आम्हाला त्या थंडगार खोलीत घेऊन गेला. कोट मधोमध, वर खास दिवा लावलेला. त्याने तो काढला आणि खिडकीचा पडदा सारून उजेडात धरला. बोटांत कापड चोळलं. एकदा, दोनदा. त्याचा चेहरा असा झाला की गर्दीत आपलंच माणूस परक्यासारखं भेटावं.

“बम्बई का ड्रिल,” तो म्हणाला. “ये मैंने बेचा है. मेरे गोदाम का माल है.” थांबला. “इतने दिन मैं अंदर ही देखता रहा. कपडे को हाथ ही नहीं लगाया.”

मी म्हटलं, “अरबाब, अजून वेळ आहे. तो मधला दिवा दुसऱ्या कोटावर...”

“यल्ला,” तो हळू आवाजात म्हणाला. “जाओ दोनों.”

परतताना पिकअपमध्ये मी बोलत होतो, पण मलाच ऐकू येत नव्हतं. चांगलं गिऱ्हाईक गेलं, हे दुःख होतंच. पण म्हाताऱ्याने कापड बोटांत चोळलं ते सारखं दिसत होतं. एवढी वर्षं कापडावर जीव लावलेला माणूस, आणि त्याला स्वतःचंच कापड ओळखता आलं नाही, ह्याचं मोल त्याला कोण भरून देणार?

पाहुणा यायच्या दिवशी बू राशिदचा ड्रायव्हर दुकानात उभा. “बाबा बुलाते हैं. दोनों को.”

आम्ही पोचलो तेव्हा पाहुणा खोलीत होता. उंच, पण वाकलेला. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. आयुष्यभर पाण्याच्या पंपांचा इंजिनीअर होता, असं राशिदने सांगितलं. दोन्ही मुलगे भिंतीशी उभे, कोर्टात निकाल ऐकायला उभे असावेत तसे. पाहुणा ओळीतून चालत होता, हात मागे बांधलेले. एकाही कोटाला बोट लावलं नाही.

राशिदने इंग्रजीत विचारलं, “हे खरे आहेत का?”

“खरे आहेत,” पाहुणा म्हणाला. “दुर्दैवाने.”

“आणि उन्हाला चांगले?”

तो किंचित हसला. “कुणीतरी थंड खोलीत बसून गरम देशासाठी केलेले कपडे. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात कोट काढून फेकले, अर्ध्या चड्डीवर फिरलो. माश्या, वाळू, तहान. कोट घालायचो ते फोटो काढायला, आणि रात्री थंडी वाजली की.”

बू राशिदला इंग्रजी पुरती कळत नव्हती. राशिद अरबीत सांगत होता. पाहुणा मधल्या कोटाशी आला, दिव्याखाली. थांबला. कपाळाला आठी पडली. एसी असूनही मी गळ्यातला मफलर सोडला.

तेवढ्यात बू राशिद स्वतःच पुढे झाला. हुसेनचा दंड धरून त्याला ओढत आणलं. “ये तुम्हारा नहीं है,” पाहुण्याला म्हणाला, हिंदीतच, “ये इसका है.” मी घाईघाईने इंग्रजीत सांगितलं. माझी इंग्रजी विमानतळावरची, मापं घ्यायला जाता-येता सामान हरवलेल्यांशी बोलून कमावलेली, पण तेवढ्यापुरती पुरली. नाटक, काकाचा कोट, चहा, वाळू, सगळं सांगितलं. आणि एरवी मी गोष्टीत जिथे दोन वाघ जास्तीचे घालतो, तिथे त्या दिवशी एकही घातला नाही.

पाहुण्याने कोटाची कड उलटली. पहिल्यांदाच त्याचा हात कापडाला लागला. मार्जिन बोटांनी चाचपलं. “हे जास्तीचं कापड कशासाठी?”

मी हुसेनला विचारलं, उगाच, कारण उत्तर मला ठाऊक होतं. हुसेन मान खाली घालून म्हणाला, “पोरगा बारीक होता, साहेब. पुढं अंगानं भरला असता ना.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्याने मार्जिनवरून अंगठा फिरवला. कड हातात तशीच. मग म्हणाला, “माझी आई ठेवायची असं. शाळेच्या पँटला. पलटणीत कुणी ठेवलं नाही.”

राशिद थांबायला तयार नव्हता, बँकेतला माणूस. “तर मग, सर, तुमच्या मते हे सगळं जपून ठेवण्यासारखं आहे का?”

पाहुण्याने ओळीकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेका कोटाकडे, वर्गात हजेरी घेताना पाहावं तसं. “तुमच्या वडिलांनी ह्यांची जी काळजी घेतली ती आमची कुणी घेतली नव्हती,” म्हणाला. “पण मला ह्यांच्याबरोबर ह्या घरात झोप लागणार नाही. विचारलंत म्हणून सांगतो. जपायचे तर तिथे जपा, जिथे ह्यांनी काय केलं तेही बाजूला लिहिलेलं असेल.”

हे ना बापाच्या बाजूचं होतं, ना मुलांच्या. पैज हवेत राहिली. राशिद भाषांतर करताना अडखळला आणि धाकटा भाऊ जमिनीकडे बघत राहिला. मुलांना जिंकायचं होतं, पण असं नाही. बू राशिदने ओळीतल्या पहिल्या कोटाची बाही सरळ केली.

“राशिद,” तो अरबीत म्हणाला, एवढी अरबी मला येते, “खोली तुझ्या भावाची.”

“बाबा, ते तसं म्हणाले नाहीत.”

“मी म्हणतोय. मी कापड जमवलं होतं. आता बघतो तर कपड्यात पोरं उभी आहेत.”

पुढे ते कोट परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाने नेले. प्रत्येक कोटाला मी स्वतः पातळ कागदात गुंडाळलं, छोट्या छातीची घडी न मोडता. कांबळे मदतीला आला होता. त्याने पेट्यांना दोऱ्या बांधल्या, आणि त्याने बांधलेल्या गाठी मी सोडवू शकलो नसतो. मला आजही वाटतं की त्या कामात मी आयुष्यातले सर्वांत बारीक टाके घातले आणि ते कुणालाच दिसणार नाहीत. ही खंत म्हणा की बढाई, दोन्ही माझ्याकडे एकाच कपाटात असतात.

पण ते नंतर. त्या दिवशी, कहवा आला, सगळे बसले, तेव्हा बू राशिदने मधला कोट हँगरवरून उतरवला आणि हुसेनच्या पुढ्यात टाकला.

“ये एक मेरे पास रहेगा. मेरा कपडा, तुम्हारा टाका. ये चिडिया निकालो. ये बटन निकालो, सादे लगाओ. सर्दी में बाग में पानी देने जाऊंगा तो पहनूंगा. इतने साल कोट जमा किया, एक भी बदन पे नहीं चढा.”

हुसेनने ब्लेडने पक्षी उसवून कोपऱ्यातल्या एका रिकाम्या पेटीत टाकला, कड्या काढून गुंड्याही टाकल्या. मग माझी टेप घेऊन तो बू राशिदच्या पोटाभोवती फिरू लागला, आणि अर्ध्यावर हात पुरेना. पाहुणा उठला आणि टेपचं टोक त्याने दुसऱ्या बाजूने धरलं. एका बाजूला म्हसळ्याचा हुसेन, दुसऱ्या बाजूला तो जर्मन, आणि मधे श्वास रोखून, पोट पाठीला लावायचा प्रयत्न करत उभा असलेला बू राशिद, तोंड लाल.

“अरबाब,” हुसेन म्हणाला, “साँस छोडो. सच्चा माप दो.”

बू राशिदने श्वास सोडला. टेप पाहुण्याच्या बोटांतून सरकत गेली, सरकत गेली, आणि हुसेनने आकडा मोठ्याने सांगितला. मुलं हसली. पाहुणाही हसला.

“एवढ्याला माजं मार्जिनपन पुरत नाय, दाऊदभाई,” हुसेन मला म्हणाला. “काकेत जोड द्यायला लागंल.” आणि तिथेच गालिच्यावर मांडी घालून त्याने स्वतःची शिवण उसवायला घेतली.